पाठीवर उमटलेली वीज

वीज पडली तेव्हा केनेउवे शेळ्या दगडी गोठ्यात कोंडत होती. शुद्धीवर आली तेव्हा दोन शेळ्या पाय ताणून पडल्या होत्या आणि तिचा उजवा कान नुसता वाजत होता. अंगभर मुंग्या. घरात आल्यावरही तिचा पाय एका जागी ठरेना.

"अगं, बस की जरा! भोवऱ्यासारखी फिरतेयस नुसती," म्हणत सासूने, मारेफिलोएने, तिचं ओलं पोलकं सोडवलं आणि तिची पाठ उजेडाकडे वळवली.

"काय झालं, आई?"

"हलू नकोस."

मानेखाली एक जाड लाल रेघ होती. तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना केसाएवढे फाटे. पानं झडलेलं पीचचं झाड कातडीखाली रुजावं तसं. केनेउवेने हात मागे नेऊन चाचपलं. काहीच लागलं नाही.

मारेफिलोएने पाठ दाखवायला तिला दारात उभं केलं आणि बघता बघता अंगणात गाव जमलं. या डोंगरात दर पावसाळ्यात वीज कुणाला तरी नेते आणि ती कुणी करणी करून धाडली, हे दरवेळी विचारलं जातं. धाकटा दीर त्सेलिसो दारात उभ्या वहिनीच्या पाठीकडे बघत म्हणाला, "ती लांब फांदी बघा. सरळ ओढ्यापलीकडे चाललीय. तिकडे कोण राहतं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. विधवा मामोतेना. केनेउवेच्या शेळ्यांनी तिचा घेवडा फस्त केला होता आणि तिने भर रस्त्यात शिव्याशाप दिले होते. क्षणभर केनेउवेच्याही मनात आलंच. पण पाय स्वस्थ बसेनात. ती वळली, तशी गर्दीतून कुणीतरी फिसकन हसलं.

"आता चर्चकडे दाखवतेय!"

केनेउवेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती आणखी वळली. "आणि आता, भाऊजी? तुमचंच दार ना हे?"

"थट्टा पुरे! वीज पडली तेव्हा तोंड कुठल्या दिशेला होतं तुझं?"

"शेळ्यांमागे पळत होते. सगळीकडे."

लोक हसले, तसा त्सेलिसो आणखीच चिडला. काठी उचलून, दोघांना घेऊन तो ओढ्याकडे निघाला. केनेउवेने अंगावर कांबळं ओढलं आणि आडवाटेने ओढ्यात उतरली.

मामोतेना भोपळा चिरत होती. "पुन्हा सोडल्यास का शेळ्या?"

"मावशी, आत जा. दार लावून घ्या."

माणसं आली तेव्हा केनेउवे उंबऱ्यात उभी होती.

"बाजूला हो, वहिनी."

"ओढून काढा की."

त्सेलिसोचा हात पुढे आला आणि अधांतरीच थांबला. मागून मारेफिलोए धापा टाकत ओरडली, "वीज शिरलीय तिच्या अंगात! मरायचंय का, मेल्या?" त्याचे सोबती आधीच चार पावलं मागे सरकले होते. त्सेलिसो थुंकला आणि फिरला.

दोन दिवसांत पाठ पूर्ववत झाली. तरीही वाटेत बायका केनेउवेला बघून बाजूला होत.

मामोतेनाने मात्र सामान बांधलं. खाली सपाटीवर तिची बहीण राहत होती. मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन केनेउवे तिला सडकेपर्यंत पोचवायला गेली.

"राहा ना, मावशी. आता कोण येतंय?"

"पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पडेल गं वीज," मामोतेना म्हणाली. "दरवेळी तू माझ्या दारात उभी राहणारेस का?"

बस आली. केनेउवेने गाठोडं वर चढवून दिलं आणि घराकडे न वळता बस गेली त्या दिशेने बराच वेळ सडकेनेच चालत राहिली.