शेल्याखाली दाबलेलं बोट

मित्रांनो, चाकणच्या दौलतरावांच्या ट्रंकेत, तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात घडी घालून ठेवलेला मी एक जुना शेला आहे. माझा लाल काठ विटला आहे आणि मधोमध घामाचा एक डाग आहे. तो डाग माझ्या धन्याचा नाही. कुणाचा, ते ऐका.

येवल्याच्या मागावर मी विणला गेलो. चाकणच्या सप्ताहात गावाने मला कीर्तनकार बुवांच्या खांद्यावर घातले. काय ते सात दिवस! मृदंगावर थाप पडली की माझा धागा न् धागा शहारायचा. काल्याच्या दिवशी बुवांनी मला प्रसाद म्हणून दौलतरावांच्या गळ्यात घातले आणि हसून म्हणाले, "दौलतराव, हा देवाच्या दारचा शेला. याच्याआड माणसांपासून लपवाल, हरीपासून नाही हो लपायचं!"

दौलतराव कांद्याचे व्यापारी. आमच्या बाजारात तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी कापडाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटे धरून भाव सांगायचा, पटला की बोट दाबायचे. भोवतीच्या गर्दीला काही कळत नसे. रीत अशी, की कापडाखालचे कुणाला सांगायचे नाही आणि दिलेला हात मागे घ्यायचा नाही. दहा वर्षे मी असे सौदे झाकले. "दौलतरावांचा शेला म्हणजे शब्द" असे लोक म्हणत. मीही जरा फुगलोच होतो.

१९५५ च्या आषाढात बेळगावकडून एक दलाल आला. त्याच्या मनगटावर परदेशी घड्याळ होते. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य, आणि आपले सरकार सरहद्दीवरची नाकी बंद करणार अशी कुणकुण होती.

"नाकी बंद झाली तर?" दौलतरावांनी विचारले.

"अहो, म्हणूनच तर भाव आहे, शेटजी! सगळे तिथून पळ काढतायत. पलटण आहे, साहेब आहेत, अन् फोडणीला कांदा नाही! आज जो आत शिरेल, उद्या तिथला बाजार त्याचा. तिथल्या माझ्या वखारीत निम्मी भागी तुमची. माल उतरला की पैसे."

दोघांचे हात माझ्याखाली आले. दौलतरावांनी चाकणच्या दुप्पट भाव सांगितला. इतर व्यापारी अशा वेळी बोट झटकतात, पुन्हा धरतात, चुळबुळतात. या दलालाने पहिल्याच बोटाला दाबले. त्याचा तळवा गार होता, घामाने चिंब; तोच हा डाग. माझ्या घडीत ते घड्याळ टिकटिकत होते.

मित्रांनो, ज्याला द्यायचेच नसते, त्याला कुठलाच भाव महाग वाटत नाही. मला ते कळले. दौलतरावांचा हातही क्षणभर थबकला, म्हणजे त्यांनाही कळले. पण भाव दुप्पट होता. त्यांनी बोट दाबले.

माल नेणार होता शेजारचा युनूस. देहूरोडच्या डेपोतून लिलावात निघालेली लष्करी लॉरी त्याने स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून चालती केली होती. त्याची आई रहमतबी दौलतरावांना भाऊ मानायची. निघायच्या सकाळी ती ओट्यावर आली.

"दौलतभाऊ, माझा बाप बकऱ्यांचा व्यापारी व्हता. एकच इचारते. त्या माणसानं घासाघीस केली का?"

दौलतराव माझ्या दशा चिवडत राहिले. "शेल्याखालचं सांगत न्हाईत, रहमतबी."

"भाव नगा सांगू. व्हय का न्हाई, तेवढंच."

ते लॉरीकडे बघू लागले. मला वाटले, आता तरी बोलतील. कापडाला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

"बरं. तुमच्या शेल्यावर इस्वास हाय. धाडू का पोराला?"

"धाडा," दौलतराव म्हणाले.

युनूस लॉरीत चढता चढता हसला. "अम्मी, येताना तुला गोव्याचं घड्याळ आणतो. मग बघू रोट्या येळेवर व्हतात का!"

"आधी तू येळेवर ये, मेल्या!"

आठव्या दिवशी नाकी बंद झाली. मागून गेलेला एक लॉरीवाला रिकामा परतला. त्याने युनूसची गाडी पलीकडे जाताना पाहिली होती. नंतर नाक्यावर आडकाठी पडली. दलालाचा बेळगावातला पत्ता खोटा निघाला. युनूसचे पत्र नाही, निरोप नाही. तो जिवंत आहे की तुरुंगात, कुणी सांगू शकले नाही.

आज त्याला चार वर्षे झाली. रहमतबी दर बाजारी ओट्यापाशी थांबायची आणि विचारायची, "व्हय का न्हाई, भाऊ?" दौलतराव पाठ फिरवून गोण्या मोजू लागायचे. मग मला खांद्यावर घेणेच त्यांनी सोडले.

यंदाच्या सप्ताहात बुवा पुन्हा आले. त्यांनी चहूकडे पाहून विचारले, "शेला दिसत नाही, दौलतराव?" बस्, तेवढेच. दौलतराव कीर्तनातून उठून घरी आले, मला काढले आणि रहमतबीच्या दारात जमिनीवर पसरले. हात माझ्याखाली घातला नाही, वर ठेवला.

"न्हाई, रहमतबी. पहिल्याच बोटाला दाबलं त्यानं. मला तवाच कळलं व्हतं."

तिने वाकून माझ्यावरच्या डागावरून बोट फिरवले.

"एक शब्द व्हता, भाऊ," ती म्हणाली. "तेवढाच मागत व्हते." आणि तिने दार लावून घेतले.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. पुन्हा कुणा बुवांच्या खांद्यावर घातलेत तर माझे भाग्य. पण माझ्याखाली हात घालू नका. ज्या सौद्यावर कुणाचा जीव अवलंबून असेल, तो उघड्यावर, दिवसाउजेडी, तोंडाने बोला. झाकलेल्या हाताची भीती मला आता फार वाटते. ट्रंकेचे झाकण पडले की अंधारात माझ्या घडीतून अजून टिकटिक ऐकू येते, आणि इथे तर घड्याळ नाही.