बिनआवाजाची गाडी

जुनी गाडी बघायला गेलं की आधी गाडीला हात लावायचा नाही. आधी मालकाला विचारायचं, "का विकतोस?" तो बोलताना कुठे बघतो तेवढं बघायचं, आणि मगच बॉनेट उघडायचं. ही आमच्या ह्यांची रीत. ह्यांचं नाव वाल्मिक. इथे गुजरातेत पांडेसऱ्यातल्या मिलांमधून कापडाचे ताके टेम्पोत भरायचे आणि मार्केटात पोचवायचे, यात ह्यांची निम्मी जिंदगी गेली. आमच्या सोसायटीत कुणी जुनी रिक्षा घ्यायला निघालं तरी ह्यांना सोबत नेल्याशिवाय पैसे द्यायचं नाही. हे इंजिनाजवळ डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, घे, नाहीतर नको घेऊ. मला राग यायचा. बायको घसा फोडून बोलली तर ऐकू जायचं नाही, आणि इंजिनात एक स्क्रू हलला तर लगेच कान टवकारायचे.

मग साखरेने ह्यांचा डावा पाय घेतला, गुडघ्याच्या खालून. टेम्पो विकला. नकली पाय घासतो म्हणून कुबडी घेऊन चालायचे, तेही घरातल्या घरात. जो माणूस दिवसभर रस्त्यावर असायचा तो गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकायला लागला.

गेल्या वर्षी श्रावणात कानबाईसाठी गावी गेलो. आमचं गाव साक्रीकडे. कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, आमच्या खान्देशातल्या माणसाला चुकवता येत नाहीत. आमच्यात रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, आणि ज्याने त्याने आपली मूठ आपल्या हाताने टाकायची. आम्ही भाड्याची गाडी केली होती. ती ओट्यापाशी थांबली, तसे ह्यांचे दोन भाऊ धावत आले आणि ह्यांना काखेत हात घालून उचललं, लग्नात नवरदेवाला उचलतात तसं. त्यांचं मन चांगलंच होतं. पण सगळी भाऊबंदी ओट्यावर उभी होती. लहान पोरं बघत होती. खाली ठेवल्यावर ह्यांनी सदरा नीट केला, आणि मूठ टाकायला काही गेले नाहीत. म्हणाले, दादा टाकेल माझी. परत येताना अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य बोलले, "आता गावी येईन तर माझ्या मी. नाहीतर येणार नाही."

मला वाटलं, रागात बोलले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. पण हे खरंच बोलले होते.

आमची पूजा साडीच्या एका कंपनीत ऑफिसला आहे. तिनेच शोधून काढलं, की बॅटरीच्या गाडीला क्लच नसतो, डाव्या पायाचं कामच नसतं. नवी आमच्या ऐपतीत नव्हती, म्हणून जुनी. फोनवर तिने ह्यांना गाडीचे फोटो दाखवले तेव्हा हे कितीतरी वेळ बघत राहिले. मग लायसन्सच्या मागे लागले. त्याचं काम एका एजंटाने करून दिलं. कापलेला पाय सगळ्यांनी बघितला. उरलेला कुणी बघितला नाही.

उरलेला मी रोज बघत होते. रात्री ह्यांचा पाय धुवायचं काम माझं. माघात एकदा ह्यांच्या चपलेतून खिळा वर आला होता, तळव्यात घुसला, आणि हे त्याच पायाने घरभर हिंडत राहिले. फरशीवर रक्ताचे ठिपके बघून मी ओरडले तेव्हा ह्यांना कळलं. मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, "गाडीबिडी काही नको. तुमच्या पायाला समजत नाही."

"थोडा बधिर आहे. या वयात सगळ्यांचाच असतो."

"सगळे खिळ्यावर चालत नाहीत."

"पूजानी माय," हे म्हणाले, "तीस वर्षं याच पायाने चालवली मी. पायाला माहीत आहे सगळं."

पूजा बापाच्या बाजूने. माझ्यावरच चिडली, म्हणाली, आई, पप्पांनी किती दिवसांनी दाढी केलीय ते बघ ना. ते मला दिसत होतं. मला दिसत नव्हतं असं नाही. पण मी बोलले की पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हटलं, बघायला जाऊ. बघायला काय जातंय.

गाडी बारडोलीला होती. मालक हसमुखभाई, शाळेतून निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ. अंगणात निळी गाडी धुऊन ठेवलेली. आम्हाला बघून म्हणाले, "आवो वाल्मिकभाई, बेसो." पाणी झालं, चहा झाला. मग ह्यांनी आपल्या रीतीने विचारलं, "केम वेचो छो?"

हसमुखभाई ह्यांच्याकडे सरळ बघून म्हणाले, "बाजूनुं देखातुं नथी." समोरचं दिसतं म्हणे, बाजूचं दिसत नाही. एकदा गल्लीत सायकलवाली मुलगी दिसलीच नाही. तिला काही झालं नाही. पण त्यांनी घरी येऊन किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. कुणी सांगायची वाट बघितली नाही.

माणूस खरा होता. ह्यांनी मान डोलावली. बॅटरी कंपनीत तपासून आणली होती, त्याचा कागद पूजाने वाचला. एका चार्जिंगवर गाव गाठणार नाही, मध्ये सोनगढला थांबावं लागेल, बाकी ठीक आहे. मग हे उठले आणि सवयीने बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. हसमुखभाईंनी बटण दाबलं. हे तसेच उभे.

"चालू करा ना," हे म्हणाले.

"चालू ज छे."

हसमुखभाई हसले. हे हसले नाहीत. बॉनेटवरचा हात ह्यांनी हळूच काढून घेतला.

चालवायच्या आधी हसमुखभाईंनी एकच गोष्ट समजावली. या गाडीत पाय उचलला की ती आपोआप रोखली जाते, ब्रेकची गरज फार पडत नाही. पाय उचला, बस. मी मागून ऐकत होते. पूजा आणि हसमुखभाई अंगणातच थांबले. हे म्हणाले, आधी आपण दोघंच. मी शेजारी बसले.

कालव्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे ऊस. खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मला रडू येत होतं. हे स्टेअरिंगवर एकच हात ठेवून बसले होते, टेम्पोत बसायचे तसे, खांदा जरा खिडकीकडे. बोलायला लागले. कुठल्या वळणावर पूर्वी कुठला ढाबा होता, कुठे पोलीस उभे राहायचे. दोन वर्षांत एवढं बोलले नव्हते. मला वाटलं, घेऊन टाकू. जे व्हायचं ते होईल.

मग माझं लक्ष समोरच्या काचेवरच्या आकड्याकडे गेलं. नव्वद.

"हळू घ्या ना."

"चाळीसवर आहे."

"नव्वद आहे."

ह्यांनी आकडा बघितला. तोंडावरचा रंग गेला. टेम्पो नव्वदला गेला असता तर पत्रा न् पत्रा ओरडला असता. इथे कानाला काही नाही, आणि पायाला तर काहीच नाही. समोर वळणावरून उसाची ट्रॉली निघाली, ट्रॅक्टरला जोडलेली, रस्ताभर ऊस लोंबत असलेली. हे म्हणाले, "थांबवतो." आणि दाबलं. गाडी पुढे उसळली.

"ब्रेक दाबा."

"दाबलाय."

मी खाली बघितलं. ह्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. चप्पल ब्रेकला नुसती टेकली होती, आणि टाच वेगाच्या पॅडलवर पूर्ण वजन टाकून बसली होती. ह्यांना वाटत होतं आपण ब्रेक दाबतोय, आणि जेवढी भीती वाढत होती तेवढं दाबत होते. मी पट्टा काढला कधी मला आठवत नाही. खाली वाकले, दोन्ही हातांनी ह्यांचा घोटा धरला, आणि विहिरीतून बादली ओढावी तसा वर ओढला. गाडी मंदावत गेली, मंदावत गेली, आणि थांबली. उसाची पानं काचेला लागत होती. ट्रॉलीवाल्याला पत्ताही लागला नाही, तो तसाच पुढे निघून गेला.

मी पाय सोडला नव्हता. ह्यांनी वरून विचारलं, "मना पाय कोठे व्हता?"

असा प्रश्न आहे का हा? बावीस किलोचा टायर पाठीवर घेणारा माणूस आपला पाय कुठे होता ते बायकोला विचारतो. मला इतका राग आला, की वाटलं दोन द्याव्यात. आणि मला रडूही येत होतं. मी सांगितलं, कुठे होता ते. एक शब्द कमी केला नाही, एक वाढवला नाही.

मी फोन केला, तशी पूजा हसमुखभाईंच्या भाच्याला घेऊन मोटरसायकलवर आली आणि त्याने गाडी परत नेली. अंगणात हसमुखभाईंनी विचारलं, "गाडीमां कंई खोट?"

"ना," हे म्हणाले. "गाडी सारी छे." आणि किल्ली त्यांच्या हातात न देता, त्यांनी सांगितलेल्या त्या खुंटीला लावून आले. हसमुखभाई पुढे झाले. ह्यांना दारापर्यंत सोडायला आले.

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. हे गॅलरीतही बसेनात. दाढी वाढली. मी पाय धुवायला बसले की हे भिंतीकडे बघायचे, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. चैत्रात भावाचा फोन आला, यंदा रोटाला येणार ना? हे म्हणाले, माझी मूठ तूच टाक. आता दरवर्षी तूच टाक.

ते ऐकलं आणि माझ्या नाकावरचा राग टाळूला गेला. दुसऱ्या दिवशी मी उधन्याच्या एका ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. स्कूटर मला येत होती, टिफिन पोचवायला रोज नेते. मास्तर पोराच्या वयाचा, म्हणाला, मासी, क्लच धीरे छोडो. मी म्हटलं, मला क्लच शिकवू नकोस, बिनक्लचची शिकव.

हे घरात कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी हे म्हणाले, "म्हणजे मी बायकोच्या शेजारी बसून गावात जाऊ? भाऊबंद काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्यांच्या काखेतून उतरण्यापेक्षा बरं."

बोलले आणि जीभ चावली. ह्यांनी कुबडी भिंतीला टेकवली. मग जुन्या गाडीच्या मालकाला विचारायचे तशा आवाजात, ह्यांनी मला विचारलं, "कसाले घेस तू गाडी?" का घेतेस?

मी बोलताना कुठे बघते ते हे बघत होते. ते मला माहीत होतं, म्हणून मी ह्यांच्याकडेच बघितलं. "तुम्हाला उचललं तेव्हा मी तिथंच उभी होते," मी म्हटलं. "तुम्ही सदरा नीट केला तो मी बघितला. मला ते परत बघायचं नाही. तुमच्यासाठी नाही घेत. माझ्यासाठी घेते."

ह्यांनी मान खाली घातली. मग पूजाला हाक मारून म्हणाले, "हसमुखभाईंना फोन लाव. गाडी आहे का विचार."

गाडी होती. त्यांनी कुणाला दाखवलीच नव्हती.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या शनिवारी आम्ही सकाळी निघालो. मी स्टेअरिंगवर, हे डावीकडे, पूजा मागे. सोनगढला हॉटेलबाहेर गाडी चार्जिंगला लावली आणि भजी खाल्ली. मी कधी हळू, कधी जोरात. मला कळत होतं की मी वाईट चालवतेय, आणि ह्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. पण चकार शब्द नाही.

कोंडाईबारीच्या घाटात, चढावर, पुढचा ट्रक एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली. पूजा मागे देवीचं नाव घेत होती. मी शेजारी बघितलं.

ह्यांचा उजवा पाय समोर ताठ झाला होता. जमिनीवरचं रबरी पायपुसणं दुमडून पार पुढे गेलं होतं, एवढ्या जोराने हे ते दाबत होते. चप्पल निघून मागे पडली होती आणि ह्यांना पत्ता नव्हता. ट्रक हलला, मागच्याने हॉर्न दिला, तरी पाय तसाच.

मी गाडी पुढे नेऊन कडेला घेतली. उतरले, वळसा घालून ह्यांच्या बाजूचं दार उघडलं, खाली बसले आणि तळवा फिरवून बघितला. काही लागलं नव्हतं. चप्पल उचलून पायात घातली. ह्यांनी या वेळी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. फिरवायला भिंत नव्हती, तेही असेल. माझ्या हातातल्या पायाकडे बघत होते.

"वेळेवर दाबला ना मी?" ह्यांनी विचारलं.

मी मान वर केली. आयुष्यभर ह्या माणसाशी मी कधी खोटं बोलले नाही, भांडले तेही खरं बोलूनच.

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच थांबवली."