धर्माजीचा बूट आणि भीमाबाईची टाच

मी एक जुना तपकिरी बूट आहे, मित्रांनो, आणि त्यातही डावा. उजवा माझ्याशेजारीच असतो, पण तो बोलत नाही, नुसता कुरकुरतो. म्हणून दोघांच्या वतीने मीच सांगतो. सांगताना आवाज चढला तर राग मानू नका. चालण्यासाठी जन्मलेल्याला कोणी वर्षानुवर्षं फळीवर बसवून ठेवलं, तर त्याचा आवाज चढणारच.

माझा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडी साच्यावर कातडं ताणून, एकेक टाका हाताने घालून मला शिवलं. तळसुद्धा चामड्याचा लावला. मग त्याने मला वाकवून पाहिलं आणि म्हणाला, हा माणसाला तीस वर्षं चालवील. फळीवर बसण्याचं तो काही बोलला नव्हता.

खोपोलीच्या एका कारखान्यातल्या साहेबाने मला विकत घेतलं. ती नऊ वर्षं बरी गेली. रोज कचेरी, कधी लोणावळ्याला मेजवानी. साहेबाची बदली झाली तेव्हा माझ्या तळाला भोक पडलं होतं. त्याने आम्हा दोघांना बंगल्यामागच्या राखेच्या ढिगावर फेकलं आणि तो निघून गेला. तिथून धर्माजीने आम्हाला उचललं.

धर्माजी पळसदरीचा. रेल्वेच्या गँगमध्ये होता, ठाकुरवाडीपर्यंतच्या घाटात रुळांची देखभाल करायचा. त्याला नाद जुन्या साहेबी बुटांचा. कोणी बंगला सोडला की हा तिथे हजर. माझ्याआधी त्याच्याकडे चार जोड होते, पुढे अकरा झाले. नाद का लागला तेही सांगतो. त्याच्या बापाला वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. छप्पन साली घर बौद्ध झालं, बाप ताठ मानेने चालू लागला, पण नंतर दोनच वर्षं जगला. धर्माजीने तेव्हा मनात धरलं की आपल्या घरात साहेबाच्या तोडीचे बूट असले पाहिजेत.

त्याच्या हाताला गुण होता, ते नाकारून चालणार नाही. जुन्या पॉलिशचे थर तो बोळ्याने हळूहळू काढायचा. उसवलेले टाके मेण लावलेल्या दोऱ्याने घालायचा. कर्जतच्या कारागिराकडून त्याने मला नवा तळ बसवून आणला. कंदिलाच्या उजेडात केसाएवढी चीरसुद्धा त्याला दिसायची. आणि सगळ्यात शेवटी तो कातड्याला कोकमतेल चोळायचा. माझी तक्रार इथून सुरू होते.

कोकमतेल भीमाबाईचं होतं. भीमाबाई म्हणजे त्याची बायको. ती लावणीला, कापणीला लोकांच्या शेतावर जायची, ती अनवाणीच. थंडी पडली की तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. त्यासाठी तिची मावशी महाडकडून वर्षाला एक गोळा पाठवायची. मुठीएवढा, पिवळट पांढरा. निखाऱ्याजवळ धरून वितळवायचा आणि भेगेत भरायचा. वर्षाला एकच गोळा. आणि धर्माजीला शोध लागला, की बायकोच्या टाचेची भेग ज्याने मिटते, त्याने बुटाची चीरही मिटते.

भीमाबाई गोळा लपवायची. कधी तांदळाच्या डब्यात, कधी गोधडीच्या घडीत. ज्या माणसाला दोरीवरचा स्वतःचा टॉवेल सापडत नसे, त्याला तो गोळा बरोबर सापडायचा. मला लाज वाटायची, पण बुटाच्या लाजेला कोण विचारतो?

पावसाळ्यात आमच्यावर पांढरी बुरशी चढायची. एका वर्षी यावर उपाय म्हणून धर्माजीने आम्हाला चुलीवरच्या माळ्यावर सुक्या बोंबलांशेजारी ठेवलं. बुरशी गेली. पण दिवाळीपर्यंत आळीतली मांजरं माझ्याकडे फार प्रेमाने बघत होती.

एवढं करून हा माणूस आम्हाला घालत मात्र नसे. एकाहत्तर साली त्याच्या गँगमधल्या चांगोच्या भावाचं लग्न कडावला होतं. नवरा-बायको एस.टी.ने गेले आणि पुढे भाताच्या कापलेल्या शेतांतून पायी निघाले. खालचे खुंट टोचत होते. भीमाबाई अनवाणी, धर्माजी अनवाणी, आणि चालण्यासाठी जन्मलेले आम्ही दोघे त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत. कातड्याला ओरखडे येतील म्हणून.

अर्ध्या वाटेवर भीमाबाई थांबली. पायातला खुंट उपसत म्हणाली, "अवो, तुमच्या बापाला लोकं वहाणा हातात घ्यायला लावायची. तुमाला कोन लावतंय?"

धर्माजीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मांडवाजवळ आल्यावर त्याने पाय पुसले, आम्हाला घातलं, फिती बांधल्या. चाळीस पावलांवर मांडवाचं दार आलं, आणि तिथे सगळ्यांसारखी त्यानेही पायताणं काढली. चाळीस पावलं, मित्रांनो. मी मोजली होती.

अशी आणखी सात वर्षं गेली. अठ्ठ्याहत्तरच्या पौषात थंडी जास्त पडली. भीमाबाईच्या डाव्या टाचेची भेग चिघळली. दोन दिवस ती तशीच शेणगोठा करत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तापाने पडली. धर्माजीला वाटलं, ताप आहे, उतरेल. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने मला फळीवरून काढलं आणि गोळा शोधू लागला. डबा बघितला, गोधडी झटकली. मग त्याने तिलाच विचारलं.

"संपला," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तुमच्या बुटाच्या टाचा कशा गुळगुळीत झाल्यात बघा." आणि तिने पांघरूण सारलं. "आता माझी बघा."

टाच सुजून काळीनिळी झाली होती. भेगेतून पू येत होता. केसाएवढी चीर ओळखणारा माणूस खाली बसला आणि त्याने कंदील तिच्या टाचेजवळ ओढला. त्याच्या मांडीवर मी होतो. त्या वेळी मला माझी चमक नकोशी झाली.

सकाळी तिला कर्जतच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. शेजारच्या इंदूबाईने टाचेला जुन्या लुगड्याचा धडपा बांधून दिला. पण स्टेशनापर्यंतची वाट गुरांच्या पाणवठ्यावरून, भर थंडीतही शेणाचिखलाची, आणि घरात भीमाबाईच्या मापाचं एकही पायताण नाही. अकरा जोड बूट आणि तिच्यासाठी एक चप्पल नाही. धर्माजीने फळीवरून मला काढलं, माझी फीत पार उपसून टाकली, तोंड रुंद केलं आणि तिच्या पायाशी ठेवलं.

"साहेबाच्या बुटात पाय घालू व्हय मी? लोकं हसतील."

"हसू दे. घाल गं."

तिने पाय घातला. किती वर्षांनी माझ्यात खरं वजन आलं. तिचा हात धर्माजीच्या खांद्यावर, डाव्या पायात मी, उजवा पाय अनवाणी. वाटेत मी घोट्यापर्यंत चिखलात रुतलो. धर्माजीने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला.

स्टेशनात चांगो भेटला. म्हणाला, "वहिनी, साहेबाचा दुसरा बूट कुठं इसरलात?"

तापाने फणफणली होती, तरी भीमाबाई म्हणाली, "तो तुमी घाला, भावजी. दोगं मिळून एक साहेब व्हऊ."

डॉक्टरने जखम कापून साफ केली, जांभळं औषध लावलं, इंजेक्शन दिलं. आणखी दोन दिवस थांबला असतास तर पाय गेला असता, असं तो धर्माजीला म्हणाला. जखम सुकेपर्यंत तेल लावू नको म्हणून बजावलं. दीड महिना भीमाबाई मला घालून वावरली. पट्टीतून औषध झिरपून माझ्या आतल्या तळावर टाचेच्या जागी जांभळा डाग पडला.

जखम सुकल्यावर धर्माजी रोज तिचे पाय कोमट पाण्यात बुडवायचा, पुसायचा, आणि मावशीने पाठवलेल्या नव्या गोळ्यातलं तेल भेगेत थोडं थोडं भरायचा. "बुटावानी घासू नका," ती ओरडायची. कर्जतहून त्याने तिला चपला आणल्या. पुढच्या चार हिवाळ्यांत तिची टाच फुटली नाही. मग एका सकाळी तिच्या छातीत दुखलं, आणि डॉक्टर येईपर्यंत ती गेली.

वर्षभर धर्माजीने कोणत्याच बुटाला हात लावला नाही. आम्हा सगळ्यांवर बुरशी चढली. आमच्याही काही तक्रारी नव्हत्या.

गेल्या थंडीत पळसदरीचं धरण बघायला आलेला मुंबईचा एक शौकीन माणूस धर्माजीच्या बुटांबद्दल ऐकून घरी आला. त्याने मला उलटसुलट केलं आणि म्हणाला, सगळ्यांत उत्तम हाच, फक्त आतला डाग घालवा, त्याला एक औषध मिळतं.

धर्माजीने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "डाग ऱ्हाऊ दे," म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण जपता जपता फळीवर मारू नका. आणि आम्हाला तेलपाणी करण्याआधी घरातल्या माणसांचे पाय एकदा बघून घ्या. बूट थांबू शकतो.

पाहुणा गेल्यावर धर्माजीने माझी बुरशी पुसली. माझ्यात फीत ओवली, आपली टाच त्या जांभळ्या डागावर ठेवली आणि आम्हाला घालून तो स्टेशनाच्या त्याच शेणाचिखलाच्या वाटेने निघाला.