पावलावरची नाडी

कळंबच्या चांगदेवभाऊंच्या पोटरीत गोळा आला तो सोमवारी, एस.टी. धरायला चालताना. मंगळवारी साऱ्या आळीला ठाऊक झालं. बुधवारी मंचरचा डॉक्टर, शुक्रवारी पुणं. पायाची चोंदलेली रक्तवाहिनी मोकळी झाली, विडी सुटली, भाऊ चालत घरी आले. उंबऱ्यावर नारळ फुटला.

त्यांची बायको साळुबाई. तिच्या पोटरीत तसाच गोळा वर्षभर आधीपासून येत होता. पण बाईच्या दुखण्याला दाराबाहेर पडायला मुहूर्त लागतो. कांदा काढताना ती दर वाफ्याला टेकायची. थोरली जाऊ सारजाबाई म्हणायची, "बसायला निमित्त बरं गावतं साळूला!" साळुबाई हसून तंबाखूच्या मिश्रीचं बोट दातांवर फिरवायची. भाऊंची विडी डॉक्टरांनी सोडवली. हिची मिश्री कुणी विचारलीच नाही.

अंगठा काळवंडला तेव्हा सारजाबाईनेच मायेने बिब्ब्याचा चटका दिला. बधिर पायाला तो कळलाही नाही. जखम चिघळली.

"मामा, आत्यांना तुमच्याच डॉक्टरकडं न्या," सून तेजस्विनी सासऱ्यांना म्हणाली.

"माजं येगळं व्हतं. माजी शीर बंद व्हती."

"त्यांची कुणी बघितली?"

"कांदा चाळीत पडू दे. आठ दिसांचं तर काम."

साळुबाईच म्हणाली, "व्हय गं. आठ दिसात काय मरते का मी?"

पाचव्या दिवशी जखमेला वास सुटला. कांदा न्यायला टेम्पो आला होता. तेजस्विनीने टेम्पोतल्या दोन पाट्या खाली ओतल्या आणि सासूला उचलून बसवलं. भाऊ ओरडले, "अगं, कांदा!"

"कांदा थांबंल, मामा. पाय थांबायचा न्हाई."

पुण्यात त्याच डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं टेकवली. "इथं नाडी लागायला हवी. लागत नाही. भाऊ, तुम्हाला झालं तेच हिला. तुम्ही पाचव्या दिवशी आलात, ही दीड वर्षानं. बायकांच्या शिरा आधीच बारीक, त्यात एवढा उशीर. आता पाय गुडघ्याखालून काढावा लागेल."

भाऊ स्वतःच्या धडक्या पायाकडे बघत राहिले.

संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं. साळुबाई कुबडी शेजारी ठेवून तिळगूळ वाटत होती. तेजस्विनी एकेकीच्या पाया पडायची, पण लगेच उठायची नाही. दोन बोटं पावलावर रेंगाळायची.

"लई भक्तीची सून गं!" बायका हसल्या.

सारजाबाईची पाळी आली. डावं पाऊल. उजवं. पुन्हा उजवं.

"ऊठ की गं, किती पाया पडतीस?"

"थोरल्या आत्या, चालताना पोटरी दुखती का?"

सारजाबाईने हसायला तोंड उघडलं, साळुबाईच्या लुगड्याच्या गुडघ्याखालच्या रिकाम्या घोळाकडे पाहिलं, आणि मिटलं.

"उद्या पयल्या गाडीनं जायचं," तेजस्विनी म्हणाली.

"उद्या? उद्या माज्या कांद्याची लागण हाय!"

साळुबाईने कुबडी फरशीवर आपटली.

"आक्का, कांदा बसूनच लावत्यात. मला आता बसायला निमित्त गावलंय. तुमी जावा."