अकरा नंबरचा लॅपटॉप

लॅपटॉप विकत घ्यायचा म्हटलं की लोक झाकण उघडून पडदा बघतात. मी आधी तो पालथा घालते. वरून सगळेच गोरेगोमटे असतात, खरं काय ते तळाशी कळतं. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर कुणीतरी आत हात घालून गेलंय. रबरी पाय झिजले असतील तर "फारसा वापरलेलाच नाही हो" ही शुद्ध थाप. विम्याचे दावे तपासणाऱ्या एका ऑफिसात सतरा वर्षं यंत्रांची देखभाल माझ्याकडे आहे आणि तिथे मला डॉक्टरीणबाई म्हणतात. माझे पेशंट उलट बोलत नाहीत, एवढाच काय तो फरक.

म्हणूनच धाकटीने मला बोलावलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे काढते आणि तिच्या जुन्या संगणकाला एक ओटा काढायला अर्धा तास लागतो. तिला कुठेतरी जाहिरात दिसली होती: कंपन्यांनी वापरलेले बिझनेस लॅपटॉप, निम्म्याहून कमी किमतीत, वर वर्षभराची हमी. मला म्हणाली, "ताई, एवढं स्वस्त म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं असणार. तू चल आणि नाक खुपस." नाक खुपसायला मला आमंत्रण लागत नाही. शुक्रवारी सकाळची अर्धी रजा टाकून मी निघाले.

दुकानाचा जिना चढताना तिने विचारलं, "तुमचं ऑफिस बंद पडणार म्हणे?"

"वावड्या आहेत. मी साहेबांना तोंडावर विचारलंय."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मी इथे आहे तोवर एकाचीही खुर्ची हलणार नाही."

हे सांगताना माझी मान जरा ताठच झाली असणार. सतरा वर्षांपूर्वी आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार टेबलं, साहेब आणि मी. पहिली वायर मी भिंतीवरून ओढली तेव्हा खाली शिडी साहेबांनी धरली होती. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर त्यांच्या शेजारी मी बसले होते. त्यांनी एकदा सांगितलं की मग मला दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नसे. त्याच भरवशावर मी टाचणीलाही थांबवलं होतं.

टाचणी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. अंगाने किडकिडीत, कामात टोकदार, म्हणून टाचणी. घरात कमावणारी ती एकटी, अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळेत जाणारी दोन मुलं. तिला दुसऱ्या एका ऑफिसाने बोलावलं होतं आणि आज, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. "ताई, तुम्ही सांगाल तसं," असं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी साहेबांना विचारलं. ते हसले, "तिला सांग, उगाच घाई करू नकोस." मी तिला सांगितलं, राहा. वर हेही सांगितलं की साहेबांना मी ओळखते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. फडताळांत लॅपटॉप ताटांसारखे उभे लावलेले. दुकानदार पन्नाशीचा, कानावर पेन्सिल अडकवलेला, बोलायला गोड. त्याने धाकटीसमोर एक काळा लॅपटॉप ठेवला. मी तो लगेच पालथा घातला.

"बाई जाणकार दिसतात," तो म्हणाला.

"जाणकार कसली, संशयी आहे," धाकटी म्हणाली. "लग्नाआधी हिने माझ्या नवऱ्यालाही पालथा घालून बघितला असता."

स्क्रू शाबूत होते. पाय झिजले होते, पण सारखे. डाव्या कोपऱ्यात स्टिकर खरवडल्याचा चौकोन होता. कंपनीचा माल म्हटल्यावर तो असणारच. झाकण उघडलं, पडदा पांढरा करून कोपरे बघितले, डाग नाही. बॅटरीचा अहवाल काढला, तीही तीन वर्षांच्या मानाने धडधाकट. चार्जरची पिन हलवून बघितली, पंख्याला कान लावला. धाकटीच्या आराखड्यांना लागेल एवढी मेमरी होती आणि नसती तर वाढवायला आत जागाही होती. त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीतल्या भावात असला माल मिळत नाही. मी मनातून खूश होत होते, पण चेहरा आंबटच ठेवला. भाव अजून पाडायचा होता.

मग कीबोर्डवर बोटं फिरवली आणि बॅकस्पेसवर थांबले. बाकीच्या कळा काळ्या, ती एकटी किंचित राखाडी. ती कळ मी बसवली होती. आमचे टपालवाले अण्णा दोन बोटांनी टाइप करत आणि लिहिण्यापेक्षा खोडत जास्त. त्यांनी मूळची कळ झिजवून झिजवून उपटली, तेव्हा मी एका मोडक्या कीबोर्डावरून ही काढून लावली होती.

अण्णा मागच्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांचा लॅपटॉप साहेबांनी परत घेतला होता. एकच मशीन रिकामं पडलं, विकलं असेल, त्यात काय, असं मी मनाला सांगितलं. मला न सांगता विकलं याचं थोडं वाईट वाटलं, पण मी ते गिळलं.

"हा ओळखीचा निघाला," मी धाकटीला म्हणाले. "चांगला आहे. घे."

"हा तर नमुना आहे हो," दुकानदार म्हणाला. "असेच आणखी चाळीस येतायत, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. घाई नसेल तर त्यातला निवडून ठेवा. प्रत्येक नगाची खरी अवस्था लिहिलेली यादी आहे आपल्याकडे."

त्याने खणातून चार कागद काढून धाकटीच्या हातात दिले. ती मोठ्याने वाचायला लागली.

"चार नंबर. डावी बिजागरी जरा रुसते, दोन्ही हातांनी समजूत काढून उघडावा." ती खो-खो हसली. "सात नंबर. चार्जरची पिन ढिली, पण स्वभावाने गरीब. अगं ताई, हे तर तूच बोलतेस!"

दुकानदारही हसला. "ज्यानं कुणी लिहिलंय ना, माणूस सरळ असावा. बारीकसारीक दोषसुद्धा लपवला नाही. ही यादी वाचून आम्ही बाकीचा माल न बघता सौदा केला, बोला!"

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतले.

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "सगळ्या मशीनची खरी अवस्था लिहून दे. आपल्या विम्यासाठी हवीय. काही लपवू नकोस, तुझ्यावर विश्वास आहे माझा." चार दिवस मी टेबलाटेबलापाशी फिरले. कुणाची बिजागरी, कुणाची बॅटरी, कुणी चहा सांडलेला, सगळं लिहिलं. कंटाळा येऊ नये म्हणून मध्ये मध्ये गंमतही केली, साहेब वाचताना हसतील म्हणून. ते हसलेही होते.

आता तीच यादी टाइप होऊन माझ्या हातात होती, आणि अण्णांचा एक सोडला तर प्रत्येक नगापुढे 'एक तारखेपासून उपलब्ध' असं लिहिलेलं होतं. एक नंबरपुढे माझ्या मशीनबद्दल लिहिलं होतं: "चांगलाच आहे." मी लिहिलं होतं, "हा माझा. त्यामुळे मी काय सांगणार, चांगलाच आहे." सुरुवातीचे शब्द कुणीतरी काढून टाकले होते. म्हणजे साहेबांनी यादी नुसती पुढे सरकवली नव्हती. बसून, ओळ न् ओळ वाचून, गिऱ्हाइकाला कळू नये ते काढलं होतं. आणि मी यादी दिली त्याच दिवशी, त्याच केबिनमध्ये, खुर्ची हलणार नाही म्हणून मला सांगितलं होतं.

इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या मालाचा तळ बघत आले आणि समोरच्या माणसाला एकदाही पालथा घालून बघितला नाही. माझ्या माणसांच्या टेबलांची किंमत त्याने माझ्याच हाताने करून घेतली होती, तीही माझ्या विनोदांसकट. मला रडू येत नव्हतं, कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

"ताई, काय झालं? काही खोट आहे का यात?" धाकटीने विचारलं.

"नाही. मशीन चांगलं आहे, भाव चांगला आहे. यादीत एक शब्द खोटा नाही." मी कागद घेऊन बाहेर जिन्यावर आले. पावणेबारा वाजले होते. खरं तर तेव्हाच टाचणीला फोन करायला हवा होता. पण इतक्या वर्षांची सवय. मी आधी साहेबांना लावला. कुठेतरी आत अजून वाटत होतं की ते काहीतरी सांगतील आणि सगळं निवळेल.

"साहेब, एक तारखेपासून आम्ही कशावर काम करायचं?"

"तू कुठे आहेस?"

"तुमच्या गिऱ्हाइकाच्या दुकानात. यादी माझ्या हातात आहे."

कुठली यादी, असंही त्यांनी विचारलं नाही. "हे बघ, मी सोमवारी सगळ्यांना सांगणारच होतो. वरून ठरलंय. माझ्या हातात काही नव्हतं गं."

"'हा माझा' एवढं खोडणं तुमच्या हातात होतं."

"तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तुझी सोय केलीय मी. नव्या ठिकाणी तू माझ्याबरोबर येतेयस. तुला वाऱ्यावर सोडेन का मी?"

"आणि बाकीचे?"

"सगळ्यांचं ओझं मी एकटा कसं उचलू? आणि सोमवारपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस. लोक आत्ताच पांगले तर हातातले दावे कोण उरकणार?"

"टाचणीचं तुम्हाला माहीत होतं. आज बारापर्यंतची मुदत आहे, तेही मीच सांगितलं होतं."

"म्हणून तर तुला म्हटलं, तिला थांबव. तुझं ऐकते ती. सर्वात जास्त फायली तिच्याकडेच आहेत."

हे त्यांनी एखादी फाइल मागावी इतक्या साधेपणाने सांगितलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझा तर कापलाच, पण तिचा कापताना केस माझ्या हातात दिला होता.

"तुमच्या नव्या ठिकाणी दुसरी डॉक्टरीण शोधा," मी म्हणाले आणि फोन कापला.

टाचणीने पहिल्याच रिंगला उचलला. मागे ऑफिसातला प्रिंटर खडखडत होता.

"ऐक, बारा वाजायला दहा मिनिटं आहेत. त्या लोकांना फोन कर आणि हो म्हण. आत्ताच्या आत्ता."

"कुणाला? त्यांना? अहो ताई, मी कालच नाही कळवून टाकलं," ती हसत म्हणाली. "आजपर्यंत कशाला जीव टांगणीला लावायचा? तुम्ही म्हणालात तेव्हाच माझं ठरलं होतं. आणि सकाळी त्यांचा फोन आला होता, दुसरी कुणी मिळाली म्हणून. बरं झालं ना, त्यांचाही खोळंबा नाही झाला. का हो?"

मी तिला सांगितलं. यादी, विम्याचं निमित्त, एक तारीख, साहेबांचं बोलणं, सगळं. ते माझ्यामार्फत तिला थांबवत होते, हेही सांगितलं. "मला माहीत नव्हतं गं," असं मी दोनदा म्हणाले आणि दुसऱ्यांदा म्हणताना माझी मलाच लाज वाटली. माहीत नव्हतं तर 'मी ओळखते' असं छातीठोक सांगितलं कशाला?

तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. प्रिंटर थांबला. मग तिने हळूच विचारलं, "यादी करायला तुम्ही माझ्या टेबलाशी आलात ना ताई, तेव्हा मी घाईघाईने लॅपटॉप पुसून दिला होता. माझ्यापुढे काय लिहिलंत?"

"राहू दे ना ते आता."

"वाचा."

मी पानं उलटली. तिची ओळ कुणी खोडली नव्हती. खोडतील कशाला, त्या ओळीने भाव वाढत होता.

"अकरा नंबर," मी वाचलं. "वापरणारी फार काळजी घेते. रोज सकाळी पुसते, झाकण कधी आपटत नाही. सगळ्या ऑफिसात इतकं जपलेलं दुसरं मशीन नाही."

पलीकडे झाकण आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.