रामनाथकाकांच्या चित्रातली बाई

डायलिसिसच्या खोलीत सकाळी दहानंतर एक गुंगी उतरते. सुया टोचून झालेल्या असतात, रक्त नळीतून बाहेर जाऊन धुऊन परत येत असतं, आणि आठही खुर्च्यांवरची माणसं अर्ध्या झोपेत कुठे कुठे निघून गेलेली असतात. क्षितिजा अकरा वर्षं ही गुंगी बघत आली होती. भिवंडीच्या एका रुग्णालयात ती नर्स होती. जन्मभर कापडाचा लूम चालवलेला एक चाचा झोपेत दोन बोटांनी तुटलेला धागा सांधायचा. एक बाई कुणाला तरी जेवायला वाढायची. क्षितिजाचं काम मशीनवरचे आकडे बघण्याचं. आकडे बरोबर असायचे, पण माणसं तिच्या हाताखालून निसटून जात, असं तिला वाटे.

म्हणून चौतिसाव्या वर्षी तिने पुन्हा शिकायला घेतलं. ठाण्याला एका संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका होती, कलेच्या आधाराने उपचार करण्याची. शनिवार-रविवार वर्ग. बरोबर शिकणारे सगळे दुसऱ्यांची दुखणी उचलणारेच, समुपदेशक, विशेष शाळांचे शिक्षक, एक फिजिओथेरपिस्ट. चित्रं काढून नर्सला काय मिळणार, असं नवऱ्याने, धनेशने, विचारलं. तिने फक्त अर्ज भरला.

शिकवायला पूर्वीताई होत्या. पहिले चार महिने त्यांनी कुणालाही पेशंटजवळ जाऊ दिलं नाही. आधी स्वतः रंगात हात घाला, म्हणायच्या. आपला हात कुठे वळतो ते ज्याला ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याचा हात धरू नये. क्षितिजाची चित्रं स्वच्छ असत. डोंगर, शेतं, ओढा. तिच्या वहीच्या कडेला ताईंनी एकदा पेन्सिलीने लिहिलं, ‘माणसं कुठे गेली?’ क्षितिजाने ते वाचलं आणि पान उलटलं.

प्रत्यक्ष कामासाठी एकाच माणसाबरोबर आठ बैठका करायच्या होत्या. तिने कोन गावच्या रामनाथकाकांना विचारलं. काका सहासष्ट वर्षांचे. खाडीकाठच्या त्यांच्या भाताच्या खारजमिनीवर आता गोडाऊनं उभी होती. डाव्या हाताची शीर बंद पडल्यापासून सुया उजव्या हाताला लागत, त्यामुळे चार तास तो हात हलवायची सोय नव्हती.

सुट्टीच्या मंगळवारी क्षितिजा गणवेश न घालता, रंगांची पेटी घेऊन त्यांच्या खुर्चीशी बसली. काकांनी पेटीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“मला चितार नको, सिस्टर,” ते म्हणाले. “मला पानी पायजे.”

पाणी देता येत नव्हतं. दिवसाला एक लिटर, त्यात चहाही धरायचा. क्षितिजाने बर्फाचा खडा त्यांच्या जिभेवर ठेवला आणि पेटी न उघडता गप्प बसून राहिली. ताईंनी हेच सांगितलं होतं, की काही सुचलं नाही तर नुसतं बस. तासाभराने काकांचे डोळे मिटले. जाग आली तेव्हा ते आपण होऊन सांगू लागले.

या खुर्चीत डोळा लागला की त्यांना एकच स्वप्न पडायचं. खाडीला ओहोटी लागलेली. पाणी एवढं मागे गेलेलं की तळ उघडा पडलाय, आणि चिखल सारवलेल्या अंगणासारखा घट्ट. ते चालत निघालेत. लांब, अगदी लांब, पांढरी रेघ दिसते. ते पाणी. आणि स्वप्नात त्यांना पक्कं ठाऊक असतं की आज ते पाणी गोड आहे. पण रेघ जवळ येत नाही, आणि मशीन वाजतं.

“तुम्ही सांगा,” क्षितिजा म्हणाली, “मी काढते. माझा हात तुमचा समजा.”

असं ते चित्र सुरू झालं. काका डोळे मिटून बोलत आणि ती रंग लावी. चिखल काळा नाही, बाय, जरा निळसर धर. तिथं खेकड्यांची बिळं टाक. आभाळ एवढं खाली नको, माझ्या टाळक्याला लागतंय. दुसऱ्या मंगळवारी ते आले तेच सांगत, की मधल्या खेपेला ते आणखी पुढे गेले, एक मोडकी होडी लागली. होडी काढली. तिसऱ्या बैठकीला बगळे आले. खोलीत मशीनं संथ घुमत, पंख्याच्या वाऱ्याने कागदाची कड हले, आणि कधी कधी क्षितिजाला आपल्याही तळव्यांना गार, घट्ट चिखल लागल्यासारखा वाटे. हात आपोआप चाले. तिला ते आवडू लागलं होतं.

पाचव्या बैठकीला काका झोपले होते आणि ती कोपऱ्यातला चिखल भरत होती. जागे झाल्यावर त्यांनी चित्र जवळ मागितलं. बराच वेळ पाहिलं.

“ही कोन?”

डावीकडे एक बाई उभी होती. पाठमोरी, लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर पाटी. क्षितिजाने ती काढली होती यात शंका नव्हती. कुंचल्यावर रंग अजून ओला होता.

“खाडीत बायका जातात, म्हणून...” ती म्हणाली.

“जातात. पन मासळीला जातात. हिच्या पाटीत काकड्या हायेत. ही बाजारला चाललीय.” ते रागावले नव्हते. “ही माजी न्हाय, बाय. ही तुजी हाय.”

क्षितिजाने सामान आवरलं. बाहेर येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि उन्हात किती वेळ बसून राहिली ते तिला कळलं नाही.

ती बाई तिची आई होती, चंद्रा. वज्रेश्वरीच्या अलीकडच्या गावाहून काकड्यांची, वालाच्या शेंगांची पाटी घेऊन पहाटेच्या एस.टी.ने भिवंडीला यायची आणि दुपारी परत जायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा क्षितिजा याच खोलीत ड्युटीवर होती आणि फोन लॉकरमध्ये वाजत होता. शिफ्ट संपल्यावर तिने नऊ मिस्ड कॉल पाहिले. तेरावं आटोपून पंधराव्या दिवशी ती कामावर हजर झाली. शेवटी काय झालं, हे तिने भावाला कधी विचारलंच नाही.

हे सगळं तिने पूर्वीताईंना सांगितलं आणि आता मला यातून काढून टाका, म्हणाली. ताईंनी तसं केलं नाही. चूक झाली, हे त्यांनी गुळमुळीत न करता सांगितलं. दुसऱ्याच्या चित्रात तू आपलं दुःख ठेवून आलीस. मग म्हणाल्या, “चित्र त्यांचं आहे. जाऊन खरं सांग, थोडक्यात सांग. बाईचं काय करायचं ते ते ठरवतील. आणि तुझी आई तुझ्या कागदावर काढ.”

सहाव्या मंगळवारी क्षितिजाने काकांची माफी मागितली. ती माझी आई आहे, एवढंच बोलली. तुम्ही म्हणाल तर वरून चिखल भरून टाकते.

काकांनी डावा हात पुढे केला, तो मोकळा हात, ज्याने त्यांनी आजवर पेनही धरलं नव्हतं.

“कुंचला दे.”

क्षितिजाने कागद त्यांच्या पोटाशी उशीवर टेकवला. त्यांनी तपकिरी रंगात कुंचला बुडवला आणि बाईच्या पावलांखाली एक वेडीवाकडी पट्टी ओढली. तिच्यावर दुसरी. रंग लुगड्याच्या काठावर सांडला, तरी ते थांबले नाहीत. पट्टी सरकत सरकत कागदाच्या कडेपर्यंत गेली.

“बांध हाय,” ते म्हणाले. “बाजारची बाई चिखल तुडवत कशाला जाईल? तिला वरनं जाऊ दे.”

आणि मग, आधीच्या पाच मंगळवारांत बोलले नसतील एवढं, ते बांधाबद्दल बोलले. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून त्यांच्या आजाने, बापाने, त्यांनी स्वतः कसा बांध घातला, उधाणाला फुटला की सगळं कोन गाव कसं धावायचं, चिखलाची ढेकळं हातोहात कशी जायची. उरलेल्या दोन्ही बैठकांत कुंचला त्यांच्याच डाव्या हातात होता. क्षितिजा फक्त रंग कालवून देई. चित्रात आता खाडीपेक्षा बांधच मोठा झाला होता.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, स्वप्नात पाण्यापाशी पोचलात का?

“न्हाय,” काका म्हणाले. “आता जात न्हाय लांब. बांधावर बसतो. वारा असतो.”

तहान तशीच होती, तेही त्यांनी लपवलं नाही. चित्र ते घरी घेऊन गेले.

पदविकेच्या शेवटी गणेशपुरीला पाच दिवसांचं निवासी शिबिर होतं. सकाळी सगळे गरम पाण्याच्या कुंडांशी जात. वाफेत माणसं पुसट होत, पुन्हा उमटत. तिसऱ्या दिवशी क्षितिजाने मोठा कागद जमिनीवर पसरला आणि दुपारभर एकटी बसली. तिने खाडी काढली नाही. भिवंडीच्या बाजारात आई बसायची ती फरशीची कड काढली, काकड्यांवर मारलेलं पाणी काढलं, आणि आईचा चेहरा, समोरून. नाक जमेना. चार वेळा पुसून पुन्हा काढताना ती रडायला लागली, आणि तशीच काढत राहिली. पूर्वीताई दारात येऊन गेल्या; आत आल्या नाहीत.

शिबिर सुटल्यावर क्षितिजा थेट भिवंडीला गेली नाही. वाटेत, वज्रेश्वरी ओलांडल्यावर, आपल्या गावाच्या थांब्यावर उतरली. भाऊ, अनंता, ओट्यावर कोयता घासत होता. बहीण अशी न कळवता आलेली पाहून तो उठून उभा राहिला. तिने पाणी घेतलं, कागदाची गुंडाळी बाजूला ठेवली आणि विचारलं, “आई गेली त्या दुपारी काय झालं? मला सगळं सांग.”

अनंता पुन्हा ओट्यावर बसला. मग त्याने सांगितलं. बाजारातून आली, भात खाल्ला, छातीत जड वाटतं म्हणून इथेच ओट्यावर आडवी झाली. जीप आणायला माणूस पाठवला होता. घाबरली नव्हती. डोळे मिटून काहीतरी ऐकत असल्यासारखी पडली होती. मध्येच, अजून बाजारातच बसल्यासारखं विचारलं, दुपारची एस.टी. गेली का रे.

“मग?”

“मी म्हटलं, न्हाय अजून. बरं म्हणाली, ते शेवटचं.”

क्षितिजा त्याच्या शेजारी ओट्यावर बसली. थोड्या वेळाने, दोघांनीही काही ठरवलेलं नसताना, ती आई पडली होती तिथे आडवी झाली. शेण-मातीचा ओटा उन्हाने कोमट होता. अनंता पुन्हा कोयता घासू लागला, सावकाश, आवाज होणार नाही अशा बेताने, आणि तिला झोप लागली.