बोलक्या वस्तऱ्याचे मौन

वाचकहो, एका धनवान पुरुषाच्या उपदेशामुळे एका होतकरू तरुणाच्या जिव्हेवर कोणता प्रसंग गुदरला, ती हकीकत आता आपणांसमोर सादर होत आहे. ती आपण स्वस्थ चित्ताने वाचावी, ही नम्र विनंती.

हा तरुण आपल्या मामाच्या केशकर्तनालयात काम करीत असे. त्याचा हात लोण्यासारखा मऊ. परंतु फेस लावण्यापासून तुरटी फिरवण्यापर्यंत त्याच्या गप्पांना खंड म्हणून नसे. हमरस्त्यावर स्वतःचे आरशांनी झगमगणारे दुकान असावे, या आकांक्षेने त्याच्या अंतःकरणात घर केले होते.

हमरस्त्यावरील एक रिकामा गाळा धनवान गिरणीवाल्या साहेबांच्या मालकीचा होता. ते रोज याच्याच हातून दाढी करवीत आणि त्यांचा याच्यावर फार लोभ होता. एके सकाळी ते गंभीर वाणीने म्हणाले, "पोरा, तुला मोठं व्हायचंय ना? मग आधी तोंड आवर. बड्या माणसांना शांतता लागते. रविवारी माझ्या मित्राला, वकीलसाहेबांना, आणतो. त्यांची दाढी गप्प राहून केलीस, तर गाळा तुझा."

तरुणाने हा उपदेश शिरोधार्य मानून त्याच क्षणी मौन धरले. कल्ले ठेवायचे की काढायचे, हे न विचारल्यामुळे एका सज्जनाचा उजवा कल्ला गेला. डावा मामाने धावत येऊन वाचवला.

"काय भाचेबुवा, दाढ दुखतेय की प्रेमात पडलात?" मामा ओरडला. भाच्याने केवळ ओठांवर बोट ठेवले.

रविवारी वकीलसाहेब खुर्चीत विराजमान झाले. गिरणीवाले साहेब बाकावर बसून डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. तरुणाने निःशब्दपणे वस्तरा वकीलसाहेबांच्या गळ्याशी नेला.

"काय रे, धंदा कसा काय?" वकीलसाहेबांनी विचारले. उत्तर नाही. फक्त खर्र, खर्र.

"मी तुझ्या कुणा नातेवाइकाविरुद्ध खटला चालवला होता का?"

पुन्हा खर्र. त्यासरशी वकीलसाहेब ताडकन उठले आणि अर्ध्या गालावरील फेसासह दाराकडे निघाले.

तरुणाचा जीव कासावीस झाला. बोलावे तर गाळा जाणार. न बोलावे तर मामाच्या दुकानातून प्रथमच गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने जाणार!

"अहो वकीलसाहेब, बसा हो!" त्याच्या मुखाचा बांध फुटला. "तुमच्याशी माझं कसलं वैर? साहेबांनी बोलायला बंदी केलीये! काल आईकडे खुणेनं मीठ मागितलं, तर तिनं ताटात साखर वाढली!"

वकीलसाहेब खो खो हसत खुर्चीत परतले. "तुम्ही याला गप्प बसवलंत?" ते मित्रावर कडाडले. "माझा जीव कंठाशी आला होता, आणि वस्तराही तिथंच!"

दाढी पूर्ण झाली. तरुण मान खाली घालून म्हणाला, "साहेब, गाळा गेला, कळतंय मला. पण गिऱ्हाइकाला तसंच कसं जाऊ देऊ?"

साहेब उठले आणि स्वतःच खुर्चीत बसले. "तू गप्प झाल्यापासून मी रोज पेंगतच गिरणीत जातोय. चुकलं माझं. चल, फेस लाव. आणि गाळ्यात बाकं लांब टाक. नुसतं ऐकायला येणाऱ्यांनाही जागा पाहिजे."

"आणि कल्ल्यांचं विचारत जा रे!" मामा कोपऱ्यातून गरजला.

येथे ही हकीकत पूर्ण झाली. आपण अमूल्य वेळ खर्चून ती वाचलीत, याबद्दल आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
नाना सुतार